किल्ल्यावरचे गुलाबी गहू

कोपऱ्यावरच्या फुलवालीशेजारी मातीचे मावळे विकायला आले की मी रस्ता बदलतो. दूध आणायला दोन गल्ल्यांचा वळसा पडतो, पण पडू दे. त्या हातगाडीवर तोफा, हत्ती, तुतारीवाले आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका अशी सगळी पलटण उन्हात उभी असते. गाडीच्या एका कडेला मोहरीच्या लहान लहान पुड्या असतात, किल्ल्यावर हिरवळ उगवायला. पोरं आईच्या मागे लागून ती पुडी घेतातच. माझी बायको वैशाली म्हणते, लोक दिवाळीची वाट बघतात आणि तुम्ही दिवाळीपासून पळवाटा शोधता. खरंच बोलते ती. बारा वर्षं झाली, मी पळतोच आहे.

नाशकात पाऊस गेल्यावर महिनाभर जे ऊन पडतं ते उन्हाळ्यापेक्षा वाईट. पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं आणि अकरा वाजता शर्ट पाठीला चिकटतो. गावाबाहेर पडावं तर द्राक्षाच्या छाटण्या चालू असतात, बांधाबांधाला काड्यांचे ढीग पडलेले असतात आणि फवारणीचा वास गाडीच्या काचा बंद केल्या तरी आत येतो. शहरात दसऱ्याच्या उरलेल्या झेंडूचा कुजका वास असतो, मागोमाग चकलीच्या भाजणीचा. एके काळी हा महिना मला फार आवडायचा. आता त्यातला एकेक वास ओळखीच्या माणसासारखा दारात येऊन उभा राहतो आणि मी घरात नाही असं आतूनच सांगतो.

त्या वर्षी माझी थोरली बहीण आमच्याकडे राहायला आली होती. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन मनमाडला गेली ती तिथलीच झाली. दाजी रेल्वेत होते. मूलबाळ नव्हतं, पण दोघांचं छान चाललेलं असायचं. आषाढात एका सकाळी दाजी ड्यूटीवर जायला जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. निघण्याआधी त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी मागितली होती. ताईची पोळी तव्यावर होती. "घ्या की तुमची तुम्ही," एवढंच ती म्हणाली होती. त्यांनी घेतली नव्हती. डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं की एका दिवसाच्या गोळीनं हे घडत नसतं. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं काही मानलं नाही.

आमच्या रो-हाऊसच्या मागच्या पायरीवर ती दिवसभर बसायची. हात मांडीवर, तळवे वर. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तिला जडपणा यायचा. चहात साखर दोनदा पडायची, नळ चालू राहायचा. आम्ही कुणी काही बोलत नव्हतो, तीच म्हणायची, "बघ, पुन्हा माझ्या हातून झालं." तेव्हा मला ते वाक्य नुसतं दुखण्याचं लक्षण वाटायचं. ती ते मनावर कोरून घेत होती, हे कळायला मला उशीर झाला.

कोंबड्यांची कल्पना जुईची. माझी लेक तेव्हा दहा वर्षांची होती आणि घरात आधीच शेंगदाणा नावाचा एक ससा होता. वैशालीचा ठाम नकार होता, म्हणून अर्थातच कोंबड्या आल्या. बुधवारच्या बाजारातून चार. येताना पाय बांधून पिशवीत घातल्या होत्या आणि चारी माना बाहेर काढून त्या रिक्षातून गोदाकाठ बघत आल्या. जुईनं नावं ठेवली कोथिंबीर, टिकली, मावशी आणि पोस्टमन. पोस्टमन ही कोंबडीच होती, पण सकाळी सगळ्यांत आधी दाराशी यायची.

खुराडं मी बांधलं. आधी आलेखाच्या कागदावर काढलं, मग बांधलं. मी सरकारी कचेरीत नकाशे तपासायचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. घरातही माझी तीच ख्याती. बाहेर पडताना गॅस तीनदा बघणार, कुलूप ओढून बघणार, डब्यांवर चिठ्ठ्या लावणार. मागच्या फळीवर बिस्किटांचे दोन जुने पत्र्याचे डबे होते, एकात कोंबड्यांची बाजरी आणि दुसऱ्यात घुशीचं दाणेदार औषध. दोन्हींवर मी चिठ्ठ्या लावल्या होत्या. पावसात त्या धुऊन गेल्या आणि मी पुन्हा लावल्या नाहीत. ख्यातीचं असं असतं, एकदा मिळाली की माणूस तिच्यावर झोपा काढतो.

पहिले दोन दिवस कोंबड्या खुराड्यात बसून होत्या. तिसऱ्या दिवशी ताई पायरीवरून म्हणाली, "मोकळ्या सोड त्यांना. कोंडून ठेवल्यावर कोण खुशीनं अंडं देतं?" दोन महिन्यांतलं तिचं ते पहिलं धड वाक्य होतं. वैशाली स्वयंपाकघरातून हातातलं पातेलं तसंच घेऊन बाहेर आली आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्या दिवसापासून चार वाजता दार उघडायचं काम ताईचं झालं. मूठभर बाजरी टाकायची आणि मग तासभर त्यांच्याशी भांडत बसायची. मावशी दुसऱ्यांचं ओढून खाते म्हणून मावशीला बोलणी, कोथिंबीर भित्री म्हणून तिला धीर. दाजी गेल्यावर जी माया तिच्या हातात नुसतीच पडून होती तिला खायला तोंडं मिळाली. एकदा ऑफिसातून आलो तर ताई हसत होती. पोस्टमन तिच्या पदरावर चढून बसली होती. मी चपला न काढता तिथंच उभा राहिलो, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

तो सगळा महिना आम्ही दर रविवारी बाहेर पडायचो. जुईचा नियम असा, की यंदाचा किल्ला अंगणातल्या मातीचा करायचा नाही, प्रत्येक रविवारी जिथं जाऊ तिथली पिशवीभर माती आणायची. अंजनेरीच्या पायथ्याची लाल माती आणली. नांदूरमध्यमेश्वरला पाखरं बघायला गेलो तेव्हा पाण्याकाठचा काळा गाळ आणला, गाडीत तो इतका वास मारत होता की ताईनं नाकाला पदर लावला आणि दाजींनी एकदा सायकलवरून सुके बोंबील कसे आणले होते त्याची गोष्ट सांगितली. दाजींचं नाव तिनं स्वतःहून घेतलं. वैशालीनं तिचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, धरणाच्या भिंतीवरून येणारा वारा. चार माणसं आणि एक डबा, याहून मोठा आनंद मला माहीत नाही.

माती साठत होती, त्याचबरोबर पुढच्या ओट्यावर आकाशकंदील होत होता. ताईच्या हातात ती कला होती. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत तिच्या कंदिलावरून घर ओळखायचे. तिनं बांबूच्या कामट्या तासून घेतल्या, मैद्याची खळ शिजवली आणि जुईला कागदाला चुण्या कशा घालायच्या ते शिकवलं. गोळ्यांनी बोटं थरथरायची, तरी ती सोडायची नाही. झिरमिळ्या कापताना दोघी अशा गप्प बसायच्या की घरात कुणी नाही असं वाटावं. ताई बरी होत होती. हे मी त्या वेळी मोठ्यानं म्हणालोदेखील, आणि वैशालीनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

दिवाळीआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही सायखेड्याला गेलो. तिथं माझा शाळेतला मित्र बबन राहतो, नदीकाठी त्याची चांगली शेती आहे. त्याच्या ओट्यावर गव्हाचं बियाणं सुकत पडलं होतं, गुलाबी गुलाबी. जुईला वाटलं रंगपंचमीचे गहू. बबन म्हणाला, वाळवी लागू नये म्हणून औषध चोळलंय. किल्ल्याचं कळल्यावर त्यानं दोन ओंजळी गहू पिशवीत घालून दिले.

"किल्ल्यावर टाका, लय झकास उगवतंय. पण औषध हाय बरं का भाऊ, पोरीला हात धुवायला सांगा."

मी सांगितलं. घरी येऊन किल्ला रचला, लाल मातीचा डोंगर, काळ्या मातीचा खंदक, आणि उतारावर मी आणि जुईनं ते गहू पेरले. वरून चिमूटभर माती पसरली. मग जुईचे हात मी साबणानं दोनदा धुतले, नखंसुद्धा घासली. माझेही धुतले. माझ्यासारखा सावध माणूस शोधून सापडणार नाही. हात धुवायचं सांगितलं होतं, हात धुतले. त्या अंगणात चार चोची होत्या आणि हे औषध त्यांच्याही पोटात जाईल हे मला त्या वेळी सुचलं नाही. किल्ल्याला जुन्या मच्छरदाणीची जाळी लावली, तीही कोंबड्या किल्ला उकरतील म्हणून.

वसुबारसेच्या सकाळी ऑफिसला निघताना मी जाळी उचलून बघितलं. कोंब दिसू लागले होते, अगदी सुईच्या टोकाएवढे. मी खूश झालो. जाळी बाजूला ठेवली, घड्याळ बघितलं आणि निघालो. गॅस मात्र तीनदा बघितला.

वसुबारसेला आमच्याकडे गहू खात नाहीत. ताईनं दुपारी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी केली होती. चार वाजता तिनं खुराडं उघडलं, डब्यातली मूठभर बाजरी टाकली आणि रोजच्यासारखी पायरीवर बसली नाही. कारण कंदील तयार झाला होता आणि जुईला तो त्याच संध्याकाळी लावायचा होता. दोघी पुढच्या दारी स्टुलावर चढून वायर बांधत होत्या. ताई सुखात होती म्हणून ती तिथं नव्हती, इतकंच.

मी सहाला आलो तेव्हा पुढच्या दारात कंदील लागलेला होता. फार सुंदर होता. मागे गेलो तर कोथिंबीर आणि टिकली लिंबाच्या झाडाखाली पडल्या होत्या, मावशीची मान मागे वळली होती आणि पोस्टमन ताईच्या मांडीवर पाय झाडत होती. थोड्या वेळानं तेही थांबलं. मी किल्ल्याकडे बघितलं. उतार पार उकरला होता, कोंब गेले होते, आणि लाल मातीत चुकार दोन-चार गुलाबी दाणे दिसत होते. मला एका क्षणात सगळं कळलं.

तोंड उघडणार तोच ताई उठली. फळीवरचे दोन्ही डबे तिनं खाली काढले आणि माझ्यासमोर ठेवले. घुशीच्या औषधाच्या डब्याचं झाकण सैल होतं. ते मी आदल्या आठवड्यात बिळात औषध टाकताना नीट बसवलं नव्हतं. ताईला ते माहीत नव्हतं.

"मी ह्याच्यातलं टाकलं दिनू," ती म्हणाली. "गोळी घेतली होती, डोकं जड होतं. मी ह्याच्यातलंच टाकलं असणार."

"असं कसं होईल," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य जिभेवर होतं आणि ते मी गिळलं. लोक म्हणतात मोह पैशाचा असतो, बाईचा असतो. मला त्या संध्याकाळी कळलं की चांगलं दिसण्याचा मोह सगळ्यांत जबर असतो. ती इतकी खचली होती की खरं सांगितलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. मी गप्प राहिलो ते तिला जपायला नव्हे. तिनं, जुईनं आणि वैशालीनं माझ्याकडे जसं बघितलं असतं ते मला नको होतं.

लिंबाखाली खड्डा मी खणला. कोंबड्या ठेवल्या, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून किल्ल्यावरची वरची माती खरवडून गुलाबी दाण्यांसकट त्याच खड्ड्यात लोटली. जुई रडून रडून दमली होती. तिनं विचारलं, "बाबा, आपले गुलाबी गहू खाऊन तर नाही ना झालं?" मी म्हणालो, छे, त्यानं कुठे काय होतं, ते तर झाडाचं औषध. दहा वर्षांच्या पोरीनं ते ऐकलं, कारण सांगणारा तिचा बाप होता आणि तिचा बाप गॅस तीनदा बघणारा माणूस होता.

वैशालीला मात्र दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं. तिनं हातातला चकलीचा सोऱ्या खाली ठेवला. मग म्हणाली, आत्ताच्या आत्ता त्यांना सांगा. मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. सणात कशाला. तिला ते पटलं नाही आणि तिनं वाद घातला नाही, त्याचं तिला आजही वाईट वाटतं. ताई त्या चार दिवसांत सगळ्यांबरोबर बसली, फराळाचं ताट पुढ्यात घेतलं, पण कशाला हात लावण्याआधी विचारायची. हे तीळच आहेत ना? मीठ मी एकदाच घातलं ना? शेंगदाणा ससा तिच्या पायाशी यायचा, तेव्हा ती पाय वर घ्यायची आणि जुईला हाक मारायची. "तूच दे गं त्याला गवत. माझ्या हातानं नको."

आणि मग भाऊबीज आली. पाटाभोवती जुईनं रांगोळी काढली होती. ताईनं मला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ताम्हणातली निरांजनं घेऊन ओवाळायला लागली आणि मधेच थांबली. ज्योत आमच्या दोघांच्या मधे होती. मी खिशातलं पाकीट काढत होतो.

"पैसे नको," ती म्हणाली. "खरं सांग, तीच ओवाळणी समजेन. ते माझ्याच हातून झालं ना रे?"

मला वाटतं माणसाला आयुष्यात एकदा तरी असं दार उघडून मिळतं. वैशाली स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती, तिनं मान खाली घातली. जुई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "झालं असेल ताई. पण तू काय मुद्दाम केलंस का? सोड आता." किती समजूतदार आवाजात म्हणालो ते. मोठ्या मनानं क्षमा करणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. ताईनं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं राहिलं होतं, आणि ओवाळणं पुरं केलं.

पंचमीला ती मनमाडला निघून गेली. आम्ही खूप आग्रह केला. ती म्हणाली, एकटी असले की कुणाला धोका नाही. कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लावायची आमची रीत, पण त्या वर्षी मी तो दुसऱ्याच दिवशी उतरवला आणि माळ्यावर ठेवला. अजून तिथंच आहे. रविवारच्या सहली परत सुरू झाल्या नाहीत. किल्ला पुढच्या पावसात वाहून गेला, लाल आणि काळी माती एक झाली, आणि त्यातून कसलं कोण जाणे रानगवत उगवलं.

सांगायचं तर दर वर्षी होतं. दर भाऊबीजेला मी मनमाडला जातो आणि तसाच परत येतो. आधी वाटायचं, सावरली की सांगू. मग वाटायला लागलं, सावरली आहे, आता कशाला उकरायचं. पण ती सावरली नव्हती, तिनं जगायची एक तऱ्हा बसवून घेतली होती. तिच्या दारात तुळस नाही. शेजारणीच्या सुनेचं बाळ घरभर रांगतं, ताई त्याला दुरून बोलते पण उचलून घेत नाही. डब्यांवर पांढऱ्या पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीवर तिच्या वळणदार अक्षरात नाव, मिठाच्या बरणीवरसुद्धा. चिठ्ठ्यांची ही सवय तिनं माझ्याकडूनच घेतली असं ती कौतुकानं सांगते. कंदील ती करत नाही. विचारलं तर म्हणते, स्टुलावर चढले की मागे काय होतंय ते दिसत नाही.

यंदा दसरा झाला आणि जुईचा फोन आला. ती आता शेतकी कॉलेजात शिकते. बियाण्याला कोणती औषधं लावतात हे त्यांना शिकवत होते म्हणाली, आणि गव्हाला गुलाबी रंग कशासाठी देतात तेही. मी ओळखलं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं का?" मी हो म्हणालो. तिच्यापाशी बारा वर्षांत पहिल्यांदा. तिनं रागावायला हवं होतं, ती रागावली नाही. आत्याला सांगा, एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

भाऊबीजेला मनमाडला गेलो. गाडीत मी वाक्यं पाठ करत होतो. ताई आता चौसष्ट वर्षांची आहे, केस सगळे पांढरे, गोळ्या केव्हाच बंद झाल्यात आणि हात स्थिर आहेत. तिनं पाट मांडला. ती ताम्हण उचलणार त्याआधीच मी म्हणालो, "ताई, त्या कोंबड्या तुझ्या हातून मेल्या नाहीत. किल्ल्यावर मी पेरलेल्या गव्हाला औषध होतं. जाळी मी उघडी टाकली. मला त्याच दिवशी कळलं होतं."

ती माझ्याकडे वळली. मग तिच्या चेहऱ्यावर इतकी माया आली की मला बघवेना.

"किती दिवस जुळवत होतास रे हे?" ती म्हणाली.

"जुळवलेलं नाही ताई. खरं सांगतोय. विचार वैशालीला, विचार जुईला."

"सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतंय." तिनं निरांजन लावलं. "अरे, मी तुला दिव्यासमोर विचारलं होतं तेव्हा. तू दिव्यासमोर खोटं बोलशील का?"

"बोललो होतो," मी म्हणालो. "तेव्हाच खोटं बोललो होतो."

"तू?" ती हसली. मला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. खिशाकडे गेलेला माझा हात तिनं धरला. "पाकीट राहू दे. माझं ओझं स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालास, यंदाची ओवाळणी पोचली मला."

तिनं माझ्या हातात बेसनाचा लाडू ठेवला. मी तो खाल्ला. बोलायचं तेवढं बोलून झालं होतं आणि त्यातला एक शब्दही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. माझ्या खोट्यावर तिनं बारा वर्षं घर बांधलं होतं आणि खरं सांगायला मी गेलो तर ते तिला भावाचं प्रेम वाटलं.

निघताना ती दारापर्यंत आली, पिशवीत चिवडा दिला, वैशालीला सांगायचे निरोप सांगितले. मी चपला घालत होतो तेव्हा हळूच म्हणाली, "दिनू, जाता जाता गॅस बंद केलाय का तेवढं बघतोस? माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

मी चपला काढून आत गेलो. दोन्ही बटणं बंद होती, खालचा सिलिंडरही बंद होता. ओटा पुसून कोरडा केलेला होता आणि बटणांशेजारी, फरशीवर, एक पांढरी पट्टी चिकटवली होती. तिच्यावर लिहिलं होतं, तीनदा बघ.